मुकी कोणाला द्यायची

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षं एकसष्ट, धंदा रेडिओ आणि अँप, म्हणजे अँप्लिफायर, दुरुस्तीचा, हे माझ्या हाताने लिहितोय. डोकं ठिकाणावर आहे. अक्षर वाकडं आलंय ते भीतीने, आजाराने नाही, तेव्हा उद्या त्यावरून कोणी शंका काढू नये. कोणी जबरदस्ती केलेली नाही. सकाळपासून पोटात दोन कप चहा गेलाय, बाकी काही नाही. गुरुवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "काका, अगदी साधं असतं हो, रोज चार करतो." चारांत माझा नंबर कितवा, हे विचारायचं राहिलं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे जुनं रद्द करायचा प्रश्न येत नाही.

१. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या एकुलत्या एक लेकीला. तिची आई आठ वर्षांपूर्वी गेली, दुसरा वाटेकरी नाही. न्हाणीघरातला नळ उलटा फिरतो हे तिला माहीत आहे. विकावंसं वाटलं तर खुशाल विकावं, माझा जीव भिंतींत अडकलेला नाही.

२. बँकेत जे असेल ते तिचंच.

३. माझं ड्रिल मशीन अकरा वर्षांपूर्वी मेहुण्याने 'दोन दिवसांसाठी' नेलं. ते मी त्याला या कलमाने रीतसर देत आहे. निदान माझ्या मर्जीने गेलं असं होईल. त्याचे बिट मात्र माझ्याकडेच आहेत, आणि ते मी त्याला देत नाही.

४. दुकानातली हत्यारं, दोन्ही मीटर, सोल्डरिंगचं सगळं सामान मागच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला. पोरगा हुशार आहे. फक्त घाई करतो. (या कलमाला पुढे एक अट घातली आहे. ती वाचल्याशिवाय हत्यारं उचलू देऊ नयेत.)

५. आता पेडल स्टील गिटार आणि तीन प्रीअँप. खरं तर हे मृत्युपत्र मी याच एका कलमासाठी लिहायला घेतलं. वरची चार म्हणजे पाण्यात पाय घालून बघणं होतं.

पेडल स्टील म्हणजे काय, हे कोर्टातल्या माणसाला ठाऊक नसेल म्हणून लिहितो. टेबलासारखी चार पायांवर उभी असते. तारा वरच्या अंगाला आडव्या. खाली लोखंडी पेडलं, गुडघ्यांशी लोखंडी पट्ट्या. वाजवणाऱ्याच्या डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत दांडा, उजव्या बोटांना पत्र्याच्या नख्या. म्हणजे माणूस वाजवायला बसला की हात, पाय, गुडघे सगळे लोखंडापाशी. आणि त्या तारा आतून वायरीने प्रीअँपच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. हे वाक्य लक्षात ठेवावं.

गिटार मुळात माझी नाही. ती माझ्या मित्राची, लंब्याची. तो गेल्यावर त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, ती माझ्या लेकीला शिकायला दिली. लेक तेव्हा चौदा वर्षांची होती. आज ती त्यावर पोट भरते. येत्या शनिवारी तिचा आजवरचा सगळ्यात मोठा कार्यक्रम आहे, आणि कुठला प्रीअँप न्यायचा यावरून आमच्या घरात महिनाभर वाद चाललाय.

प्रीअँप लागतो कशाला? तारांखालच्या चुंबकातून निघणारा आवाज फार अशक्त असतो. लांब वायरीतून, पायाखालच्या आवाजाच्या पेडलातून अँपपर्यंत पोचेतो त्याचा जीव जातो. म्हणून पेडलाच्या आधी व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांचा, प्रीअँप लावायचा. तो आवाजाला खाऊपिऊ घालून पुढे पाठवतो. साध्या गिटारवाल्यांना व्हॉल्व्ह हवा असतो तो आवाज फाटावा म्हणून. स्टीलवाल्याला उलटं. सूर लांबवताना त्याने पेडल पूर्ण दाबलं तरी आवाज फाटता कामा नये. आत मोकळी जागा हवी. भरपूर व्होल्ट म्हणजे भरपूर मोकळी जागा. भरपूर व्होल्ट म्हणजे दुसरंही काही असतं, त्याकडे येतोय.

आमच्याकडे तीन पेट्या.

नवरी. लेकीने दुकानातून आणलेली, चकचकीत. व्हॉल्व्हच्या खाली एक तांबडा दिवा लावलाय, व्हॉल्व्ह तापलाय असं दिसावं म्हणून. आत व्होल्ट मिळतात बारा. नुसती नटूनथटून बसते. सूर लांबवला की घसा बसतो.

रडकी. मी बनवलेली. सूर मोकळा, गोल, पण मागे सतत घूंऽऽ चालू. बारकं पोर शेजारच्या खोलीत रडावं तसं.

मुकी. तीही मीच बनवलेली, रडकीच्या पाठची. तशीच आतून, तेच व्हॉल्व्ह, तोच सूर. पण घूं अजिबात नाही. सूर थांबला की नुसती शांतता. लंब्या म्हणायचा, "लेका, ही बया ऐकून घेते, उलट बोलत नाही. जगात एकच अशी." वहिनी तिथेच उभ्या असायच्या.

लेकीला मुकी हवी. मी तिला रडकी देतोय. कारण पुढच्या कलमात.

६. मुकी का मुकी आहे.

ही गोष्ट मी एकोणीस वर्षांत कोणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

प्रीअँपला अर्थिंग, अँपलाही अर्थिंग, आणि दोघांना जोडणारी वायर. त्यातून एक गोल फेरा तयार होतो आणि त्या फेऱ्यात घूं बसतं. ते घालवायचा बरोबर रस्ता म्हणजे आवाजाच्या वायरीत एक छोटा ट्रान्सफॉर्मर घालायचा. तो मागवायचा तर आठ दिवस. लंब्याचा कार्यक्रम चार दिवसांवर. चुकीचा रस्ता पाच मिनिटांचा. पेटी उघडायची, अर्थिंगची हिरवी वायर, म्हणजे पत्र्यात वीज उतरलीच तर ती जमिनीत नेणारी, पत्र्यापासून तोडायची, टोकाला चिकटपट्टी गुंडाळायची. घूं बंद. आमच्या धंद्यात सगळे करतात. मीही केलं. बाहेरून प्लगला तीन पिना दिसतात. तिसरी कुठेच जात नाही हे पेटी उघडल्याशिवाय कळत नाही.

मुकी पुढे बरेच कार्यक्रम तशीच वाजली. मग लंब्या गेला त्या दिवशी दुपारी आमचा अँप बंद पडला म्हणून हॉलचा जुना अँप घेतला. त्याला मुळात दोनच पिना. म्हणजे अख्ख्या साखळीत अर्थिंग राहिलं असतं ते फक्त मुकीचं, आणि ते मी तोडलेलं. हे माझ्या त्याच क्षणी लक्षात आलं होतं का? इथे खरं लिहायचं तर, आलं होतं. मनात म्हटलं, एवढ्या एका दिवसाने काय होतंय.

लंब्या डावा हात तारांवर ठेवून बसला होता आणि हॉलच्या अर्थिंगला जोडलेला लोखंडी माइक जवळ ओढायला त्याने उजवा हात लावला. ओरडला नाही. मला वाटलं, हसतोय.

लोक म्हणाले हृदय बंद पडलं. मग म्हणाले हॉलचा अँप दोन पिनांचा होता, तिथल्या वायरमनने असा अँप दिलाच कसा. वायरमनला काढून टाकलं. मुकीचा प्लग बघायला आले, तीन पिना मोजल्या, बरोबर म्हणाले. मी तिथेच उभा होतो. मान हलवली.

तेव्हापासून मी लोखंडाच्या कुठल्याही वस्तूला आधी हाताची उलटी बाजू लावतो, म्हणजे झटका बसलाच तर मूठ वस्तूभोवती आवळत नाही. नळ, फ्रीज, जिन्याचा कठडा. लेकीला वाटतं ही माझी लकब आहे. शाळेत असताना ती माझी नक्कल करायची.

७. मुकी एकोणीस वर्षं वहिनींच्या कपाटात होती, लंब्याच्या स्वेटरमध्ये गुंडाळून. मागच्या महिन्यात त्यांनी ती माझ्या लेकीला दिली. मला न विचारता. त्यांनी मला का विचारावं?

मी आतल्या खोलीत होतो. बाहेरून लेकीचा आवाज आला, "बाबा, ओळखा बघू आज कोण आलंय आपल्याकडे!" आणि प्लगचा खट्ट.

मी कसा पोचलो मला माहीत नाही. प्लग वायरीसकट उपटला. सॉकेटचा एक कोपरा भिंतीतून निघाला.

"अहो बाबा! काय झालं काय तुम्हाला?"

"जुनी आहे. तापली असती."

"आत्ता तर लावली. तापायला काय इस्त्री आहे?"

छातीत पहिल्यांदा दुखलं ते तेव्हा. डॉक्टर जिना चढण्याबद्दल विचारत होते. मी जिना म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती बाहेर गेल्यावर मी पेटी उघडली. हिरव्या वायरीला माझीच चिकटपट्टी. आणि मागच्या भोकातून विजेची वायर आत येते तिथे मी रबराची रिंग घालायला विसरलो होतो. पत्र्याच्या धारेने वायर सोलली होती. तांबं दिसत होतं. पत्र्यावर तांदळाएवढा काळा डाग. एकोणीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो की कदाचित हॉलचंच काहीतरी असेल. तो डाग बघितल्यावर 'कदाचित' संपलं.

मी वायर बदलली, रिंग घातली, अर्थिंग परत जोडलं. डाग पुसला नाही. म्हटलं, झालं, पोरगी सुरक्षित आणि मीही. सुंठीवाचून खोकला गेला.

८. गेला नाही. अर्थिंग जोडल्याबरोबर मुकी रडायला लागली.

"बाबा, काय केलंत तिला? लंब्याकाकांच्या वेळी घूं नव्हतं. तिचा सगळा आवाज घालवलात."

"सुरक्षित केली."

"कशापासून? काका वाजवायचेच ना तिच्यावर?"

मी स्क्रू आवळत राहिलो. मग काल ती म्हणाली, "जाऊ द्या, तुम्ही आराम करा. मागच्या गल्लीतल्या त्याला विचारलं मी. म्हणाला, काही नाही ताई, अर्थिंग काढून टाकतो, पाच मिनिटांचं काम. बुधवारी येतोय."

पाच मिनिटांचं काम. तेच शब्द.

९. म्हणून मी ठरवलं होतं की हे सगळं इथे लिहायचं, पाकीट बंद करायचं, आणि मी गेल्यावर तिने वाचायचं. शरमेने मरायच्या ऐवजी आधी मरायचं आणि मग शरम. सोयीचं होतं.

आत्ता वरचं वाक्य लिहिताना पेन थांबलं. दुरुस्तीवाला बुधवारी येणार. ऑपरेशन गुरुवारी. कार्यक्रम शनिवारी. हे पाकीट उघडणार मी मेलो तरच. ऑपरेशन चांगलं झालं तर मी हॉस्पिटलात पडून राहीन, पाकीट कपाटात पडून राहील, आणि शनिवारी माझी लेक दोन्ही हात, दोन्ही पाय लोखंडाला लावून बसेल. मी जगलो तर तिला कोणी सांगणार नाही.

गुरुवारची एवढी भीती मला वाटत होती. आता वाटते ती या खोलीची, आजच्या दिवसाची.

१०. वहिनींना फोन केला.

"वहिनी, साक्षीदार म्हणून सही हवी होती."

"कसली साक्ष? या वयात लग्न करताय की काय?"

"मृत्युपत्र."

"काहीतरीच तुमचं! डॉक्टर साधं म्हणालेत ना? बरं, येते. भाजी टाकून येते."

खालच्या औषधवाल्यालाही दुसरा साक्षीदार म्हणून बोलावलंय. तो म्हणाला, "गिऱ्हाईक नसेल तेव्हा येतो, पाच मिनिटांत उरकायचं." यालाही पाच मिनिटंच.

११. (हे कलम सगळं झाल्यावर लिहितोय. संध्याकाळचे साडेपाच.)

वहिनी आल्या, खुर्चीत बसल्या, पेन उचललं. "कुठे करू?"

वकील मला फोनवर म्हणाला होता की साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते, सही करताना बघितलं म्हणजे पुरे. मी नुसतं ओळीवर बोट ठेवलं असतं तर झालं असतं. बोट ठेवलंही होतं. मग उचललं.

"आधी वाचा."

"चष्मा नाही आणला. तुम्हीच वाचा."

लेक स्वयंपाकघरात चहा करत होती. मी पहिल्या कलमापासून सुरुवात केली. ड्रिल मशीनपाशी वहिनी हसल्या. मुकीच्या कलमात लंब्याचं वाक्य आलं तेव्हाही हसल्या, "मेला असाच बोलायचा." सहावं सुरू केलं आणि स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. मी मान वर केली नाही. केली असती तर वाचू शकलो नसतो. आठव्याच्या शेवटापर्यंत वाचलं. चहा उतू गेल्याचा वास आला, कोणी उठलं नाही.

वहिनींनी विचारलं, "ती हिरवी वायर असती तर काय झालं असतं?"

"फ्यूज उडाला असता."

"मग?"

"मग अंधार झाला असता. लंब्याने मला शिव्या घातल्या असत्या."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं, परत उचललं, परत ठेवलं. "आणि मी पोरीच्या हातात दिली," म्हणाल्या. "स्वेटर काढून घेतला आणि पेटी दिली."

लेक दारात उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती. तिने फोन लावला. "हॅलो, उद्या येऊ नका... नाही. काढायचं नाही... हो, माहीत आहे सगळे काढतात... अहो, पाच मिनिटांचं असलं तरी नाही! कळतं का?" शेवटचं ओरडून. मग माझ्याकडे वळून, पण नजर माझ्या खांद्याच्या वर, "तो ट्रान्सफॉर्मर कुठे मिळतो?"

मी तो लंब्या गेल्यावर पुढच्याच महिन्यात आणला होता. खालच्या खणात, बिस्किटांच्या डब्यात. लावायचं धाडस झालं नव्हतं. मी फक्त बोट दाखवलं. तिने डबा काढला आणि रडकी टेबलावर उलटी केली.

"मुकीलाही लागेल तो," मी म्हटलं. "दोघी आतून सारख्याच. आता मुकीचंही अर्थिंग पक्कं आहे, तुला हवी तर..."

"नकोय मला ती." मग म्हणाली, "तुम्ही बसा तिकडे. मी जोडते. चुकलं तर सांगा."

ती चुकली नाही. शेवटचा स्क्रू लावायच्या आधी तिने मीटर लावून प्लगच्या तिसऱ्या पिनेपासून पत्र्यापर्यंत तपासलं, एकदा नव्हे तीनदा. मग हाताची उलटी बाजू लावली.

१२. म्हणून कलम पाच असं वाचावं : गिटार आणि रडकी लेकीला. नवरी ज्याला हवी त्याला. मुकी वहिनींना, कारण ती त्यांच्याच घरची. त्यांनी ठेवावी, फोडावी, नाल्यात टाकावी. तिच्याबद्दल काही म्हणायचा हक्क मी सोडत आहे.

१३. कलम चारची अट : दुरुस्तीवाल्याने हत्यारं नेण्याआधी कलम सहा आणि सात मोठ्याने वाचून दाखवावीत, लेकीसमोर. मनातल्या मनात वाचलेलं चालणार नाही.

१४. हॉलच्या समितीला आज पत्र लिहिलं. वायरमनला काढलं ते चूक होतं, फ्यूज उडाला असता तर त्याच्या जुन्या अँपने कोणी मेलं नसतं, आणि फ्यूज का उडाला नाही हे मला ठाऊक आहे. वायरमन आता कुठे असतो मला माहीत नाही. पत्राची दुसरी प्रत या कागदाला टाचली आहे. तो सापडला तर त्याच्या हातात द्यावी. मी जगलो तर मीच शोधीन. याची मला ऑपरेशनपेक्षा जास्त भीती वाटते, हेही इथे नोंदवून ठेवतो.

१५. हे मृत्युपत्र पाकिटात बंद करू नये. स्वयंपाकघरातल्या फ्रीजवर उघडं ठेवावं.

वरचं सगळं माझं आहे, खाडाखोडीसकट. दोन्ही साक्षीदार समोर बसले असताना सही करतोय.

ठिकाण : राहतं घर, पुढची खोली. मंगळवार, संध्याकाळी सहाला दहा कमी.

सही (डाव्या बाजूला जरा वाकडी गेली आहे, पण माझीच)

साक्षीदार पहिला, खालचा औषधवाला : मी आतलं काही वाचलेलं नाही. यांनी सही केली ती बघितली. यांना बसायला खुर्ची द्या, रंग बरा दिसत नाही.

साक्षीदार दुसरी, लंब्याची बायको : मला वाचून दाखवलं. सही माझ्यासमोर केली. माझी साक्ष एवढ्यापुरतीच आहे, माफीबिफी काही समजू नये. पेटी मी आज नेत नाही, आज मला उचलवणार नाही. गुरुवारी सकाळी मी हॉस्पिटलात येऊन बसणार आहे. यांनी शुद्धीवर यायचं. त्या दिवशी दुपारी घरातून निघाल्यापासून हॉलपर्यंत हे दोघंच एका गाडीत होते. ते रस्ताभर काय बोलले हे मला एकोणीस वर्षांत कोणी सांगितलेलं नाही, आणि आता सांगू शकेल असा माणूस एकच उरलाय.